धनेशाची नादारी

त्या रानात कुणालाही विनाकारण कोंडून ठेवता येत नसे. तसा कायदाच होता, आणि तो इतका जुना होता की तो कुणी केला हे कुणाला आठवत नव्हतं. ज्याला कोंडलं असेल त्यानं न्यायासनापुढे उभं राहून एवढंच विचारायचं, की मला का धरलं. धरणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर पिंजरा तिथल्या तिथे उघडायचा. न्यायासनावर एक म्हातारा गवा होता. तो सचोटीचा आहे, हे त्याच्याविषयी वाईट बोलणारेही मान्य करत. जो कुणी त्याच्यापुढे पोचला त्याचं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बहुतेकांना सोडूनही दिलं. म्हणूनच की काय, त्याच्यापुढे फारसं कुणी पोचत नसे.

कारण प्रश्न विचारायला एक कामटी लागे. कामटी म्हणजे चिरलेल्या वेळूची काडी. बाहेर रानात तिला कुणी विचारत नव्हतं, माकडांची पोरं तिनं एकमेकांना टोचत हिंडत. फार पूर्वी काही कावळे दिवसभर न्यायासनापुढे बसून उगाच प्रश्न विचारत, खऱ्या गरजूंची पाळीच येत नसे, म्हणून हे शुल्क बसवलं असं सांगत. ते कावळे कोण आणि कुठले, हे सांगणारा मात्र कधी भेटला नाही. पिंजऱ्यातला जीव वेळूच्या बनात जाऊन कामटी आणणार कसा, हा विचार शुल्क बसवणाऱ्यांच्या मनात आलाच नसेल असं म्हणणं हा त्यांच्या हुशारीचा अपमान होईल.

ज्याच्याकडे कामटी नाही त्याचीही सोय होती. तिला नादारी म्हणत. आपल्याकडे काही म्हणजे काही नाही, असं जो सिद्ध करी त्याला शुल्क माफ होई. अर्ज करायचा, चौकशी व्हायची, आणि खात्री पटली की वाट मोकळी. या सोयीबद्दल त्या रानाला मोठा अभिमान होता. दुसऱ्या रानातले पाहुणे आले की त्यांना आधी ही गोष्ट सांगत आणि मग पाणवठा दाखवत.

एका सकाळी कोतवाल पक्ष्यांच्या थव्यानं उंबरावरून एका धनेशाला धरलं. कोतवाल अंगानं लहान, पण चारी बाजूंनी आले की मोठ्या पक्ष्यालाही पंख पसरायला जागा उरत नाही. कारण विचारलं तर ते म्हणाले की आमचं काम धरण्याचं, कारण सांगण्याचं नव्हे. धनेश फारसा झगडला नाही. काहीतरी गफलत झाली आहे, दुपारपर्यंत सोडतील, असं त्याला वाटलं. ज्यानं काही केलेलं नसतं त्याला असंच वाटतं, आणि त्यामुळे कोतवालांचं काम फार हलकं होतं.

दुपार टळली तशी त्याला घरची काळजी लागली. धनेशांची एक रीत आहे. विणीचे दिवस आले की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा आणि फळांचा गर कालवून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत बसल्यावर तिचे उडायचे पंख झडतात. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला बाहेर येता येत नाही आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. नर गळ्यात फळं साठवून आणतो आणि फटीपाशी बसून एकेक वर काढून तिच्या चोचीत देतो. तो येईल याची खात्री असते म्हणून ती स्वतःच्या चोचीनं ती भिंत घालते. या धनेशाची घरधनीण अशीच टेकडीवरच्या एका सातविणीच्या ढोलीत बसली होती, आणि पिल्लं नुकतीच अंड्याबाहेर आली होती.

हे तो कुणाला सांगू शकत नव्हता. त्या रानात आपलं घर कुठे आहे हे कुणी कुणाला सांगत नसे. सांगितलेलं कुणाच्या कानावर जाईल याचा नेम नव्हता, आणि ढोलीत बसलेल्या मादीला पळून जाता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा धनेश पिंजऱ्यात बसून टेकडीच्या दिशेला बघत राहिला, आणि कुणी बघतंय असं वाटलं की दुसरीकडे मान वळवू लागला.

पिंजरे वेळूच्या बनाला लागूनच होते आणि त्यांचे गजही वेळूच्या कामट्यांचेच होते. रखवालीला एक घोरपड होती. ती दुष्ट नव्हती. रोज सकाळी प्रत्येकापुढे थोडी उंबरं टाकी, करवंटीत पाणी भरी आणि दिवसभर उन्हात पडून सगळ्यांकडे एका डोळ्यानं बघत राही. बंदिवान एकमेकांशी जपून बोलत. शेजारी कुणाचा कान आहे हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे हवेबद्दल बोलतानाही ते आवाज खाली घेत.

धनेशाच्या शेजारी एक साळुंकी होती. ती तिथे सगळ्यांत जुनी. न्यायासनाच्या दारावरचं बोलणं ऐकून ऐकून तिला सगळे नियम पाठ झाले होते, आणि ती ते अर्ज बघणाऱ्या शिरस्तेदाराच्या आवाजात, त्याच्या खोकल्यासकट, म्हणून दाखवी. नवीन आलेल्याला ती फुकट सल्ला देई. स्वतः मात्र तिनं कधी अर्ज केला नव्हता. का, असं विचारलं तर म्हणे की मला इथं बरं आहे. पिंजऱ्यात बरं आहे म्हणणारीवर कोण विश्वास ठेवणार? ती घोरपडीची माणूस आहे, असं सगळे धरून चालत.

तरीही धनेशानं तिलाच विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला काही ठाऊक नव्हतं. पिंजऱ्याचा एक गज उपसून तोच कामटी म्हणून दिला तर चालेल का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. तो पहिल्यांदा प्रत्येकालाच सुचतो, असं साळुंकी म्हणाली. पण गज उपसणं म्हणजे तुरुंग फोडणं, आणि तुरुंग फोडला की मला का धरलं याला उत्तर तयार होतं. तेव्हा नादारीचा अर्ज कर, असा तिनं सल्ला दिला, आणि मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"एक लक्षात ठेव. घर आहे म्हणून सांगू नकोस."

"घराचं मी काही बोललोच नाही," धनेश दचकून म्हणाला.

"नाही बोललास. तसाच राहा."

त्या क्षणापासून धनेश तिच्यापासून जपून राहू लागला. न सांगता हिला कळलं कसं, हा प्रश्न त्याला रात्रंदिवस टोचू लागला. आपण टेकडीकडे किती वेळा बघतो हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

न्यायासनाकडे जाणाऱ्या वाटेवर, पिंजऱ्यांपर्यंत ऐकू येईल इतक्या अंतरावर, एक जांभळीचं झाड होतं, त्यालाच दार म्हणत आणि त्यावर शिरस्तेदार वटवाघूळ लटकलेलं असे. सगळं कामकाज दिवसा चाले, आणि दिवसा त्याला धड दिसत नसे. त्यामुळे ते डोळे मिटून आणि उलटं लटकून काम करी. जग उलटं आहे याबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. बोलणं मात्र अतिशय मृदू. त्यानं कुणावर आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

अर्जदाराकडे काय काय आहे याचा दाखला रखवालदारानं द्यायचा असा शिरस्ता होता. घोरपडीनं जे दिसलं ते सांगितलं. अर्जदाराला स्वतंत्र पिंजरा आहे. पाण्याला करवंटी आहे. चहूबाजूंनी कामट्या आहेत, चांगल्या जून आणि सरळ. शिवाय इतर पक्ष्यांना एक चोच पुरते, याला चोचीवर चोच आहे. वरची पोकळ आहे आणि तिच्यात तो काय ठेवतो हे त्यानं सांगितलेलं नाही.

शिरस्तेदार हे सगळं मान हलवत ऐकत होतं. मग त्यानं नाव विचारलं आणि ते तोंडात घोळवलं.

"धनेश," ते म्हणालं. "आणि अर्ज नादारीचा."

नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं आहे, असं धनेशानं हात जोडल्यागत पंख मिटून सांगितलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत आहे. शिरस्तेदार हसलं. अशा सोनूबाया रोज इथं येतात, ते म्हणालं, आणि वाळा घासून बघितला की खाली सोनं निघतं. मग ते कामट्यांकडे वळलं. त्या माझ्या नव्हेत, तुरुंगाच्या आहेत, असं धनेश म्हणाला. तेव्हा त्यांचा उपभोग कोण घेतं, त्यांच्या आत कोण राहतं, कोल्ह्यापासून त्या कुणाचं रक्षण करतात, असं शिरस्तेदारानं एकामागून एक विचारलं, आणि प्रत्येक वेळी धनेशाला 'मी' असंच म्हणावं लागलं.

"मग त्यातलीच एक शुल्क म्हणून घ्या," धनेश म्हणाला.

शिरस्तेदाराच्या चेहऱ्यावर खरोखरीच वेदना दिसली. ते तुरुंगाचे गज आहेत, असं त्यानं समजावून सांगितलं, आणि अर्ज फेटाळला. परिस्थितीत बदल झाल्यास पुन्हा अर्ज करता येईल, हेही सांगायला ते विसरलं नाही.

एखाद्याचं शुल्क दुसऱ्यानं भरायलाही बंदी नव्हती. फक्त भरणाऱ्याचा बंदिवानाशी संबंध काय आणि त्याला सोडवण्यात त्याचा हेतू काय, याची चौकशी होई. बातमी ऐकून धनेशाचा चुलतभाऊ, एक राखी धनेश, चोचीत कामटी धरून आला आणि लांबच्या फांदीवर बसला. दोन कोतवालांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो थोडा वेळ तसाच बसला. मग कामटी चोच साफ करायलाच आणली होती असं दाखवत त्यानं ती फांदीवर घासली, खाली टाकली आणि उडून गेला.

धनेशाला त्याचा राग आला नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण रागापेक्षा दुसरीच गोष्ट त्याला जाळत होती. भाऊ समोर असताना एकदा ओरडून सांगायचं होतं, की मला राहू दे, सातविणीवर जा, तिला खायला घाल. शब्द चोचीपर्यंत आले होते. पण कोतवाल ऐकत होते, घोरपड ऐकत होती, साळुंकी ऐकत होती. त्यानं ते शब्द गिळले, आणि भाऊ दिसेनासा झाल्यावर पंखात मान खुपसून रडला.

पुढे त्याच्या हातून एक चूक होऊ लागली, आणि ती फक्त धनेशाच्याच हातून होऊ शकते. विणीच्या दिवसांत नराचा गळा म्हणजे टोपली असते. सकाळी उंबरं पुढ्यात पडली की तो ती उचली, आणि गळा ती खाली जाऊच देत नसे. एखाददुसरं तो कसंबसं गिळी. बाकीची गळ्यातच राहत, चांगली पिकलेली, तिला आवडतील अशी. तो हे ठरवून करत नव्हता. गळा भरला की पंख आपोआप उघडत, गजांना आपटत आणि पुन्हा मिटत. फळं शिळी झाली की तो ती नाइलाजानं पोटात ढकली आणि सकाळी ताजी भरून ठेवी. दिवसेंदिवस तो वाळत चालला. छातीचं हाड वर आलं, पंखांची तकाकी गेली.

घोरपडीनं हे हेरलं. शिधा पुरा उचलतो आणि तरी वाळतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिनं दारावर कळवलं. ते तिचं कामच होतं. साळुंकीनंही हेरलं होतं. धनेशानं वाळलेल्या अंगाकडे बोट दाखवून परिस्थितीत बदल झाल्याचा दुसरा अर्ज केला, आणि त्याला दारावर बोलावणं आलं, तेव्हा ती गजांना चोच टेकवून हळूच म्हणाली, "जाण्याआधी गळा रिकामा कर."

धनेशानं तिच्याकडे बघितलंही नाही. गळ्यातलं हिला कसं कळलं? आणि रिकामा करायला सांगते, म्हणजे उंबरं खाली पडायची, घोरपडीनं ती बघायची आणि अर्ज बुडायचा, हाच हिचा डाव असणार. तो गळा तसाच भरलेला ठेवून गेला. खरं सांगायचं तर डाव नसता तरी ती फळं टाकणं त्याच्या जिवावर आलं असतं.

त्या दिवशी शिरस्तेदार फारच आपुलकीनं बोललं. वाळलास, म्हणालं. पाणी तरी नीट मिळतं ना, असं विचारलं. मग नियमाप्रमाणे एकच प्रश्न राहिला. अर्जदाराकडे काही आहे का, आणि त्याचं उत्तर अर्जदारानं मोठ्यानं द्यायचं.

धनेशानं 'काही नाही' म्हणायला चोच उघडली आणि एक उंबर बाहेर पडलं. त्यामागून दुसरं. मग गळ्यात जेवढी होती तेवढी सगळी, एकामागून एक, टपटप करत जांभळीच्या मुळांपर्यंत घरंगळत गेली. घोरपडीनंसुद्धा तोंड फिरवलं.

"ताकाला आलास आणि भांडं लपवलंस," शिरस्तेदार शेवटी म्हणालं. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "कुणासाठी?"

माझ्यासाठीच, असं म्हणावं तर साठेबाज ठरून दार कायमचं बंद होणार होतं. खरं सांगावं तर घर उघडं पडणार होतं. धनेशाच्या डोळ्यांपुढे फटीतून बाहेर आलेली तिची चोच आली. रानात कुणाचेही पंख वाजले की ती चोच पुढे होत असेल आणि पुन्हा मागे जात असेल. पिल्लं आता ओरडायचीही थांबली असतील. त्याचा धीर सुटला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. टेकडी, तिच्या उतारावरचा ओढा, ओढ्यावरची सातवीण, किती उंचावर ढोली आहे, फट कोणत्या बाजूला आहे. इतकं खरं ऐकल्यावर समोरचा कुणीतरी हलेल, असं त्याला वाटलं.

"अर्ज हवा तर फेटाळा," तो म्हणाला. "पण ही उंबरं तिच्यापर्यंत पोचवा. पिल्लं आहेत."

शिरस्तेदार अर्ज फेटाळायला मुळीच तयार नव्हतं. त्याला आता कुठे या प्रकरणात गोडी वाटू लागली होती. आपण आयुष्यभर गरीब बघितले, ते म्हणालं, पण दार लिंपून घेणारा गरीब बघितला नाही. आत काहीच नसेल तर भिंत कशाला? तेव्हा ढोली उघडून बघितल्याशिवाय नादारीचा निर्णय देणं योग्य होणार नाही. तपासनीस तिकडे जाईलच, तोच ही उंबरंही घेऊन जाईल. अर्जदारानं निश्चिंत असावं.

तपासनीस म्हणजे एक उदमांजर होतं. झाडावर चढण्याचा आणि ढोलीत हात घालण्याचा अनुभव त्याच्याइतका रानात दुसऱ्या कुणाला नव्हता, त्यामुळे नेमणुकीत खोट काढायला जागा नव्हती. ते सावलीतून उठून पुढे आलं तसा त्याचा वास धनेशाच्या नाकात शिरला. हा वास झाडावर घर करणारा प्रत्येक जीव अंड्यातून बाहेर येतानाच शिकलेला असतो. धनेश किंचाळला. अर्ज मागे घेतो, म्हणाला. मला सोडू नका, मी प्रश्नच विचारत नाही, मी इथंच राहतो, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

चौकशी लागलेला अर्ज मागे घेता येत नाही, असं शिरस्तेदारानं सांगितलं. तसं केलं तर उगाच संशय येतो.

उदमांजरानं खाली पडलेली उंबरं एकेक करून वेचली आणि पळसाच्या पानात नीट बांधली. ते कामात फार टापटिपीचं होतं. धनेशाला पुन्हा पिंजऱ्यात घातलं होतं, निघताना उदमांजर तिथे थांबलं.

"मंडळींना काही निरोप?" त्यानं विचारलं.

धनेश गजांवर चोच आपटत राहिला. उदमांजर थोडं थांबलं, मग टेकडीच्या वाटेला लागलं.

ते परत येईपर्यंत धनेश एकाच जागी उभा होता. साळुंकी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. तो प्रथमच आपण होऊन तिच्याशी बोलला. तुला आधीच ठाऊक होतं का, त्यानं विचारलं. साळुंकीनं मान वळवली. मग शिरस्तेदाराचा नव्हे, कुणाचाच नव्हे, स्वतःचा आवाज काढून ती म्हणाली, "माझंही घर होतं." धनेशाला तिच्यावर संशय घेतल्याची इतकी लाज वाटली की त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

उदमांजर परत आलं ते सावकाश चालत. घोरपडीनं त्याचा शिधा काढून ठेवला होता, पण भूक नाही म्हणून त्यानं तो तसाच ठेवला आणि उन्हात अंग टाकलं. उंबरांची पुडी त्यानं परत आणली होती. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. शिरस्तेदारानं सगळ्यांदेखत अहवाल सांगितला. ढोलीचं तोंड आतून बंद आढळलं. उघडण्याची सूचना केली असता आतून चोचीनं प्रतिकार झाला.

धनेशानं मान वर केली. प्रतिकार झाला म्हणजे ती होती, जिवंत होती, इतक्या दिवसांनंतरही तिच्या अंगात झगडण्याइतकं बळ होतं. त्याला एवढा आनंद झाला की पुढचं वाक्य त्याच्या कानांपर्यंत यायला वेळ लागला. प्रतिकारामुळे भिंत फोडावी लागली. तपासणीअंती ढोलीत काहीही नाही. फळं देण्यासाठी कुणी न आढळल्यानं ती परत आणली आहेत.

"ती कुठे गेली?" धनेशानं विचारलं.

अहवाल मालमत्तेपुरता आहे, असं शिरस्तेदार हळुवारपणे म्हणालं. मग त्यानं घसा साफ केला आणि निर्णय दिला. आपला पहिला संशय चुकीचा होता हे त्यानं मोकळ्या मनानं कबूल केलं. अर्जदाराकडे खरोखरच काही नाही, याची आता पूर्ण खात्री पटली आहे. शुल्क माफ करण्यात येत आहे.

धनेशाला न्यायासनापुढे नेलं. गवा त्याच्याकडे मोठ्या, थकल्या डोळ्यांनी बघत होता. विचार, तो म्हणाला. धनेश टेकडीकडेच बघत राहिला, तेव्हा नियम थोडा वाकवून गव्यानंच त्याच्या वतीनं प्रश्न विचारला. कोतवालांचा म्होरक्या पुढे आला. धरलं तेव्हा काहीतरी कारण होतं, तो म्हणाला, पण ते ज्यानं सांगितलं होतं तो आता या रानात नाही. गव्यानं शिंग हलवलं. याला या घटकेला सोडा, आणि पुन्हा असं होता कामा नये, असं तो म्हणाला. तो मनापासून म्हणाला यात शंका नव्हती. हे प्रकरण आधीच आपल्यापर्यंत का आलं नाही, असं त्याला क्षणभर वाटलंही असावं, पण त्यानं विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्या रानात पद्धत नव्हती.

धनेश उडाला. मोठ्या पक्ष्याच्या पंखांचा तो घरघराट पिंजऱ्यांवरून गेला तेव्हा सगळे बंदिवान गजांना चिकटून वर बघत होते. नादारी मिळालेला आणि सुटलेला जीव त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्रथमच पाहिला होता. ज्यांनी आशा सोडून दिली होती त्यांचेही डोळे चमकले. म्हणजे होतं तर. खरं सांगितलं की सुटका होते. धनेशानं इतके दिवस लपवलं म्हणून तो अडकला, आणि सांगितलं त्या दिवशी सुटला, हे सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

साळुंकी गजांवर पंख आपटून ओरडत होती. घर सांगू नका, ती म्हणत होती, काहीही करा पण घर सांगू नका. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्याचं बरं झालेलं हिला बघवत नाही, असं एक होला पक्षी म्हणाला. आणि ती कुणाची माणूस आहे हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं.

ऊन उतरण्याच्या आत सगळ्या पिंजऱ्यांतून अर्ज आले. शिरस्तेदारानं वेळ वाचावा म्हणून तपासनिसालाच पिंजऱ्यांपाशी पाठवलं. उदमांजर आळस देत उठलं, मिशा पुसल्या आणि पहिल्या पिंजऱ्यापुढे जाऊन बसलं. होल्यानं त्याला बाभळीची खूण सांगितली. खारीनं वाट सांगितली, आणि चुकू नये म्हणून पुन्हा एकदा सांगितली. ते प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत होतं.

एवढ्यात टेकडीकडून धनेश परत आला. तो पिंजऱ्यांवर घिरट्या घालू लागला, खाली येऊ लागला, आणि चोच वासून ओरडू लागला. धनेशाचा आवाज मुळातच कर्कश. तो रडतोय की हसतोय हे परक्याला कळत नाही. बघा, आभार मानायला परत आला, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वर बघून आनंदानं पंख आणि शेपट्या हलवल्या.

मग ते पुन्हा आपापल्या कामाला लागले. शेवटच्या पिंजऱ्यात एक सशीण होती. उदमांजर तिच्यापुढे आलं तेव्हा तिनं बीळ कोणत्या झुडपाखाली आहे ते सांगितलं, तोंडावर गवताचा बोळा लावलाय तो कसा काढायचा ते सांगितलं, आणि ते उठणार इतक्यात गजांतून तोंड बाहेर काढून आवाज खाली आणला.

"पिल्लांचे डोळे अजून उघडले नाहीत," ती म्हणाली. "आत जाताना हळू जा. घाबरतात."

उदमांजरानं तिच्याकडे बघून मान डोलावली.